पंचफुलाबाईंचा रकाना

तीन दिवस झाले, वैभवीच्या लॅपटॉपवर एक निळं कडं गरगर फिरत होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं. घाण्याचा बैल फिरला तर निदान वाटीभर तेल पडतं. हे कडं फिरे, खालचा पंखा घुंई घुंई करी, मशीन तव्यासारखं तापे आणि दोन तासांनी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येत. त्या वाचून वैभवी कपाळाला हात लावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पंचफुलाबाई हे सगळं दिवाणावरून बघत होत्या. त्यांना आता किळस यायला लागली होती. काम सांगितलं की जे तापतं, फुत्कारतं आणि शेवटी झोपून जातं, ते मशीन असो की जावई, घरात ठेवू नये, असं त्यांचं मत होतं. जावई त्यांना नव्हता, म्हणून हे मत त्या मोकळेपणानं बोलून दाखवत.

सून मात्र गुणाची होती. आकडेशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कॉलेजच्या एका प्रकल्पावर कामाला. या प्रकल्पानं वर्षापूर्वी बेसा भागातल्या साठ विहिरींत आणि बोअरांत मीटर सोडले होते. पाण्यात किती घाण मिसळली त्याचा आकडा ते मीटर दर पंधरा मिनिटांनी टिपून घेत. साठ ठिकाणं आणि बारा महिने, अशा एकवीस लाख ओळी जमल्या होत्या. कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या दिवशी बिघडलं, याचा तक्ता त्यातून काढायचा होता. पसाभरही मोठा नव्हता तो तक्ता, साठ ओळींचा. पण मशीन तो पोटातून सोडत नव्हतं.

आणि शुक्रवार तोंडावर आला होता. एप्रिलपासून त्यांच्या लेआउटातल्या विहिरींना वास सुटला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून साहेबाची नोटीस आली होती की घाण कुठून येते ते शुक्रवारच्या सुनावणीत आकड्यांनिशी दाखवा, नाही दाखवलं तर खराब विहिरींवर सिमेंटचा स्लॅब टाकून त्या कायमच्या बंद करू. नोटिशीतलं पहिलं नाव पंचफुलाबाईंच्या विहिरीचं होतं.

विहीर म्हणजे बाईंचं दुसरं लेकरू. पहिलं साहिल, आणि दोघांत डावं-उजवं करायचं झालं तर विहीर उजवी. बुटीबोरीकडचं शेत कारखान्यांत गेलं तेव्हा नवरा, रुपराव, मनीषनगरात फ्लॅट घ्यायचा म्हणून बसला होता. बाईंनी सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर बसून नळाची वाट पाहणारी बाई मी नाही. मग बेसाला, शेत मोडून पाडलेल्या या लेआउटात, कोपऱ्याचा प्लॉट घेतला, कारण त्यात जुनी दगडी बांधणीची विहीर होती. रुपराव गेले, विहीर राहिली. उन्हाळ्यात अर्धी गल्ली तिच्यावर जगे. बाई पाण्याला कोणालाच नाही म्हणत नसत. फक्त नेणाऱ्याला पाण्यासोबत चार बोल न्यावे लागत. घागर घासली नाही, दोर भुईवर टेकवला, पोराचं नाक पुसलं नाही. पाणी फुकट होतं, बोलही फुकट होते.

तर अशा विहिरीला वास सुटला, आणि तो कोणाचा हे कळायला बाईंना मीटर लागत नव्हता. भिंतीपलीकडे गोकर्ण अपार्टमेंट होतं, चाळीस बिऱ्हाडांचं. चाळीस बिऱ्हाडांची घाण एका टाक्यात. तिथले सेक्रेटरी मनोहरराव म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांचं टाकं झिरपतं हे बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आता फक्त तक्ता यायचा होता.

तक्ता येईना म्हणून घरच्यांनी मशीनवर सगळे उपचार करून पाहिले. साहिलनं सीताबर्डीतून मेमरीची पट्टी आणून बसवली. दुकानदार म्हणाला होता, वहिनी आता विमान चालवतील. विमान धावपट्टीवरच उभं राहिलं. मग साहिलनं लग्नाचा व्हिडिओ आणि पिक्चर उडवून डिस्कमध्ये जागा केली. ती जागा मशीननं एका दमात गिळली आणि अजून मागितली. मग व्हायरस पाहणारा प्रोग्राम बंद केला, इंटरनेट बंद केलं. वैभवीनं फाइलीचे बारा महिन्यांचे बारा तुकडे केले. एकेक तुकडा रडतखडत चालला, पण जोडायला घेतले की कडं पुन्हा फिरायला लागलं. मंगळवारी साहिलनं कूलर दिवाणाकडून फिरवून लॅपटॉपच्या तोंडाशी लावला. मे महिन्यात, नागपुरात, सासू घामानं निथळते आहे आणि मशीनला वाळ्याचा वारा. बाई त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत, आणि घरातल्यांना तेच जास्त लागलं.

एक गोष्ट मात्र बाईंच्या नजरेतून सुटली नव्हती. सोमवारी दुपारी वैभवीनं मशीनमधली कसली तरी यादी उघडली होती. ती पाहून तिचा चेहरा असा झाला होता, जसा भाजीत पाल सापडल्यावर होतो. तिनं ती यादी झटकन मिटवली, सासूकडे पाहिलं आणि पुन्हा पट्टी, पंखा, तुकडे यांच्या मागे लागली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, काही नाही.

बुधवारी सकाळी टँकर आला. वैभवी बादल्या घेऊन फाटकाशी गेली आणि तिचा फोन टेबलावर वाजायला लागला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. पडद्यावर तिच्या मोठ्या मॅडमचा, अरुंधतीबाईंचा फोटो होता. पंचफुलाबाईंनी चष्मा लावला, हिरवं बटण सरकवलं आणि फोन कानाला लावला. पलीकडची बाई ‘हॅलो’ची वाट न पाहता सुरू झाली.

“वैभवी, तो शेऱ्याचा रकाना काढलास का नाही अजून? सोमवारीच सांगितलं होतं मी तुला. अगं, सगळ्या फाइलीचं वजन त्या एका रकान्यात आहे. कोण्या म्हातारीचं साडेतीन पानांचं पुराण भरून ठेवलंय. तेवढं उडव, दहा मिनिटांत तक्ता निघेल.”

“म्हातारीच बोलून राहिली,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

मग नमस्कार, तब्येत कशी, मी नंतर लावते, असं सगळं एका श्वासात झालं आणि फोन बंद पडला.

पुराण कोणतं, हे बाईंना विचारावं लागलं नाही. दर महिन्याला प्रत्येक विहिरीवर जाऊन एक शेरा लिहून आणायचा, असा प्रकल्पाचा नेम होता. बाकीच्या एकोणसाठ मालकांनी एकेक शब्द सांगून वेळ मारून नेली होती. ठीक. गढूळ. वास. एप्रिलमध्ये वैभवी घरच्याच विहिरीपाशी शेरा घ्यायला बसली तेव्हा बाईंनी पदर खोचला होता. त्यांनी गोकर्ण अपार्टमेंटचा पाया कोणत्या मुहूर्तावर खणला तिथून सुरुवात केली. मनोहररावांचा कंजूसपणा, त्यांच्या टाक्याची खोली, त्यांच्या बायकोचं कपडे वाळत घालणं आणि त्यांच्या सात पिढ्यांच्या धुतल्या-न धुतल्या हातांचा हिशेब, सगळं एकामागून एक सांगितलं. एक अक्षर गाळशील तर याद राख, असं बजावलं. मग ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना गच्चीवर उभं करून, ‘साडेतीन पानं भरली’ हेही सांगायला लावून, म्हणजे पलीकडेही जाईल. त्यावर न थांबता दर आठवड्याला त्या वैभवीला फाइल उघडायला लावत. स्वतः चौथी पास, बारीक अक्षर डोळ्यांना दिसत नसे, पण मनोहररावांचं नाव कुठे कुठे आहे तेवढं त्या बोट ठेवून मोजून घेत.

वैभवी बादल्या घेऊन आत आली आणि सासूच्या हातात फोन पाहून जागीच थबकली.

बाईंनी तिला बसवलं. आवाज चढवला नाही. मशीनचा आणि शेऱ्याचा संबंध काय तो मले नीट सांग, म्हणाल्या. वैभवीनं ओढणीला हात पुसत सांगितलं. या प्रोग्रामात एका रकान्याची रुंदी सगळ्या ओळींना एकसारखी असते, आणि ती सगळ्यात लांब मजकुराच्या मापानं धरली जाते. एका ओळीत साडेतीन पानं असली की बाकीच्या एकवीस लाख ओळींतही साडेतीन पानांची जागा रिकामी सोडली जाते. तिथे ‘ठीक’ असो की काहीच नसो. कोणतंही काम सांगितलं की मशीन ती सगळी रिकामी पानं उचलतं, ठेवतं, पुन्हा उचलतं. त्यातच त्याचा दिवस जातो.

बाईंनी हे ऐकलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

“म्हणजे वऱ्हाडात एक ढेरपोट्या पाहुणा आहे,” त्या म्हणाल्या, “म्हून शिंप्यानं अख्ख्या वऱ्हाडाचे सदरे त्याच्याच मापाचे शिवले. लेकराबाळांचे बी. असा भैताड शिंपी मी दारात उभा नाई केला कधी, आन् तुम्ही त्याले कूलर लावून राहिले.”

“हो आई. तसंच.”

“तुले सोमवारीच मालूम झालं होतं?”

वैभवीनं मान हलवली.

“मंग काहून तीन दिवस हे तापवत बसली वं?”

“तुमचे शब्द होते ना, आई,” वैभवी म्हणाली. “मी कशी खोडू? म्हटलं दुसरं काही करून जमलं तर तुम्हाला सांगायचंच काम नाही.”

एम.एस्सी. झालेल्या पोरीचं हे डोकं. एकीकडे विहिरीवर स्लॅब पडायला दोन दिवस उरलेत आणि दुसरीकडे सासूचा शब्द खाली पडू नये म्हणून ही बाई मशीनला पंखा घालते आहे. बाईंना तिचा राग आला, आणि रागाच्या खाली बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याची पुन्हा चीड आली. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. अंबाडी निवडायला घेतली. चांगली पानं कचऱ्यात आणि देठ पातेल्यात जायला लागले तेव्हा ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं बोलणं पूर्ण लिहून घेतलं होतं. शाळेत मास्तरनं कधी घेतलं नाही, नवऱ्यानं कधी पूर्ण ऐकलं नाही. आणि तेच आता गळ्यातल्या धोंड्यासारखं काढून टाकायचं होतं.

पण तोंड तर शाबूत होतं. शुक्रवारी मनोहरराव समोरच असणार होते. कागदावरचं गेलं तरी काय.

“काढ ते,” बाहेर येऊन त्या म्हणाल्या. “पुरं काढ. अर्धंमुर्धं ठेवू नको.”

वैभवीनं तो रकाना वेगळा काढून दुसऱ्या फाइलीत ठेवला. मग तिनं अजून चार रकाने काढले, जे कधी कोणी पाहिलेही नव्हते. मीटरचा कंपनी नंबर, तो बसवल्याची तारीख, असले काहीबाही. फाइल पुन्हा जतन केली आणि बटण दाबलं. पंखा एकदा घुरघुरला आणि गप्प झाला. चहा उकळून कपात यायच्या आत पडद्यावर साठ ओळींचा तक्ता उभा होता.

तीन दिवस त्या डबड्यानं घर नाचवलं होतं आणि काम होतं सात मिनिटांचं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्या उष्टं पान चाटून गेलेल्या मांजराकडे पाहत. मग खुर्ची ओढून त्या वैभवीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, वाच. पहिले गोकर्णाचं वाच.

वैभवी लगेच वाचेना. तिनं तक्ता वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग म्हणाली की गोकर्णाची बोअर चोवीस मार्चला बिघडली.

“आन् आपली?”

“नऊ फेब्रुवारी.”

बाईंनी मीटर खोटा आहे असं सांगितलं. वैभवी म्हणाली, तसं असेल तर कळेल. तिनं फक्त घरच्या विहिरीचे आकडे काढून त्यांची रेघ उमटवली. आधी ती रेघ सपाट होती, निवलेल्या दुधावरच्या सायीसारखी. नऊ फेब्रुवारीपासून तिला दात फुटले. रोज सकाळी सहाला वर चढायचं, नवाला खाली यायचं. रात्री आठनंतर पुन्हा थोडं वर. रविवारी सकाळचा दात उशिरा. वैभवी बोट फिरवत पुढे गेली. मार्चच्या मध्यात दात एकदम नाहीसे झाले होते. चार दिवस नुसती सपाट रेघ, आणि पाचव्या दिवशी पुन्हा दात.

“हे चार दिवस कोणते?” बाईंनी विचारलं.

“अकरा ते चौदा मार्च.”

बाईंना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण कोणत्या तारखेला घरात कोण होतं हे त्यांना कॅलेंडरात पाहावं लागत नसे. अकरा मार्चला भाचीच्या लग्नाला सगळं घर काटोलला गेलं होतं. परत आलं ते चौदाच्या रात्री.

“त्या चार दिवशी घराले कुलूप होतं,” त्या म्हणाल्या.

सकाळी सहा ते नऊ या वेळात घरातली माणसं काय करतात हे काही कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

बाई उठून मागच्या अंगणात गेल्या. विहिरीपासून पंधरा पावलांवर कपडे धुवायचा नवा ओटा होता. त्याच्या खाली जुनी बोअर होती, रुपरावांनी हौसेनं खोदलेली आणि तीनशे फुटांवरही कोरडी निघालेली. फेब्रुवारीत साहिलनं तिच्यावर हा ओटा बांधला होता. आईची कंबर दुखते, वाकायला नको म्हणून, असं तो म्हणाला होता, आणि बाईंनी हे गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. आता त्या वाकल्या. संडासाच्या टाक्याकडून एक नळी भिंतीच्या कडेनं येऊन ओट्याच्या पोटात शिरत होती. वर छान टाइल लावलेल्या होत्या, फुलांच्या.

साहिल बुटीबोरीच्या कारखान्यातून तीनला आला. बाईंनी त्याला पाणीही विचारलं नाही. ओट्यापाशी उभं केलं आणि नळी दाखवली. त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, हा एक गुण त्यानं कुठून उचलला देव जाणे. म्हणाला, शोषखड्डा भरला होता, दर दोन महिन्यांनी उपसायला गाडी बोलवावी लागत होती. बोअर कोरडी होती, रिकामीच पडली होती.

“तीनशे फूट खाली जाते ते, आई. मले काय मालूम विहिरीत येईन म्हून? सगळेच करतात. आपल्या लाइनीतले पाच घरं तर मीच सांगतो तुले.”

“पाच घरं शेण खातात म्हून तूही वाढून घेतलं?”

बाईंच्या डोक्यात आता दिवस मोजले जात होते. नऊ फेब्रुवारीला घाण सुरू झाली. वास नाकाला कळला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मधले दोन महिने त्याच पाण्यानं भात शिजला, त्याच पाण्यानं देव न्हाले, तेच पाणी माठात भरून वाळ्याची जुडी टाकून त्यांनी स्वतः घटाघटा प्यालं. आणि फक्त त्यांनी नाही. समोरच्या मायाच्या घरी विहिरीशिवाय दुसरं पाणीच नव्हतं. तिचा नातू विहंग मार्चमध्ये हगवणीनं असा सुकला की चार दिवस सलाईनवर होता. बाई त्याला पाहायला दवाखान्यात गेल्या होत्या. जाताना मायाला स्वच्छतेवर अर्धा तास ऐकवून आल्या होत्या. पोराची नखं काप, हात धुवायला शिकव, गाडीवरचं खाऊ घालू नको. येताना प्यायला म्हणून विहिरीच्या पाण्याची बाटली ठेवून आल्या होत्या.

त्या विहिरीच्या काठाला धरून उभ्या राहिल्या, मग तिथलाही हात काढून घेतला.

रात्रीच्या जेवणाला कोणी फारसं जेवलं नाही. गुरुवारी सकाळी साहिल नवीन युक्ती घेऊन आला. त्यानं वैभवीला सांगितलं, तक्ता तर तुझ्याच हातात आहे. आपली तारीख फक्त मार्चअखेर कर. साठातली एक ओळ, कोण पाहतं. मग गोकर्ण पहिलं येते, घाण त्यांची ठरते, आपली विहीरही वाचते आणि नाकही.

“काल आईचं साडेतीन पान काढलं ना?” तो म्हणाला. “मंग ह्या एका तारखेनं काय होते?”

वैभवीनं सासूकडे पाहिलं, आणि बाईंच्या ध्यानात आलं की ही पोरगी पुन्हा तेच करणार आहे. सासू हो म्हणाली तर तारीख बदलणार. रडेल, पण बदलेल. आणि महिनाभर ज्याची वाट पाहिली, ते मनोहररावांचं उतरलेलं तोंड, ते एका बटणाएवढं जवळ आलं होतं. बाईंना ते दिसलं. चष्मा खाली घसरलेला, शर्टाची इस्त्री मोडलेली. एवढं गोड काही त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्या गोडीचीच त्यांना शिसारी आली.

“ते शब्द माहे होते,” त्या म्हणाल्या. “मी घातले, मी काढले. ही तारीख विहिरीची आहे. तिले हात लावशील तर मी तुह्या हातचं पाणी पेणार नाई, वैभवी. आन् तू,” त्यांनी साहिलकडे पाहिलं, “तू उद्या माह्यासंगं येशीन. सुट्टी टाक.”

शुक्रवारी समाजभवनाच्या हॉलात सगळं लेआउट आलं होतं. मनोहरराव पुढच्या रांगेत, मांडीवर जाडजूड फाइल. माया मागे भिंतीशी, विहंगला कडेवर घेऊन. वैभवीनं भिंतीवर तक्ता लावला आणि समजावून सांगितला, पाण्यात पाय टाकावा तशी हळूहळू. साहेबानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ही विहीर कोणाची म्हणून विचारलं.

पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी फार काही सांगितलं नाही. विहीर माझी, घाण माझ्या घरची, कोरड्या बोअरमधून गेली, माझ्या पोरानं सोडली, हा इथे बसला आहे. फेब्रुवारीपासून ज्यांनी ज्यांनी पाणी नेलं त्यांनी आमची घाण नेली. दोन मिनिटांत सगळं संपलं. एवढं थोडं त्या कुठल्याच सभेत बोलल्या नव्हत्या.

मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बाई, आमच्यावर साडेतीन पानं,” ते म्हणाले, “आणि स्वतःवर एवढंच?”

“मोठं लिहिलं की मशीन बंद पडते, मनोहरराव. खरं दिसत नाई.”

कोणी हसलं असतं, पण तेवढ्यात मागून मायाचा आवाज आला. ती ओरडली नाही. ती नेहमी बोलते तशीच बोलली, भाजीचा भाव विचारावा तशी.

“पोराले सलाईन लागली होती तव्हा तुमी मले नखं कापाले सांगून गेल्या, मावशी.”

“हो वं,” एवढंच म्हणून बाई उभ्याच राहिल्या. खाली बसायचीही लाज वाटली.

साहेबानं निकाल दिला तो असा की घाण कुठून येते ते कळलं, तेव्हा स्लॅब पडणार नाही. नळी आज-उद्यात काढायची, विहीर तीनदा उपसायची आणि सहा महिने मीटर सपाट राहीपर्यंत त्या पाण्यानं भांडंसुद्धा घासायचं नाही. मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की लेआउटात अजून कोणाकडे कोरडी बोअर आहे का. हॉलातल्या अर्ध्या नजरा आपापल्या चपलांकडे गेल्या. मनोहररावांची पण गेली. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना जराही आनंद झाला नाही. सगळ्या गल्लीनं मिळून एकमेकांना हे पाजलं होतं, आणि प्रत्येकजण दारात नाक धरून शेजाऱ्याकडे बोट दाखवत उभा होता.

शनिवारी सकाळी साहिल फोनवर कोणाशी तरी बोलत होता. नाक्यावरून एक माणूस बोलावतो, तो ही कामं करतो, तासाभरात होऊन जाईल, असं चाललं होतं. बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि समोरच्या माणसाला सांगितलं, माणूस नको दादा, काम नाही.

“दुसऱ्याचे हात काहून लागतीन याले?” त्या साहिलला म्हणाल्या. “हगलो आपण, नळी लावली तू. घे कुदळ.”

साहिलनं ओटा फोडला. फुलांच्या टाइल तुकडे होऊन उडाल्या. त्यानं आधी टाक्याकडचं तोंड सिमेंटनं बुजवलं आणि मग बोअरमधली नळी ओढायला घेतली. ती सरकली तसा जमिनीतून असा भपकारा आला की कुंपणावरचे कावळे उडाले. काळं, चिकट काहीतरी नळीच्या तोंडातून त्याच्या पायांवर सांडलं. तो भिंतीशी जाऊन ओकला, परत आला, पुन्हा ओकला. वैभवी टँकरच्या पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. माया तिच्या फाटकातून बघत होती. ती आतही गेली नाही आणि जवळही आली नाही.

बाई नळीपासून चार हातांवर उभ्या होत्या. साहिलनं बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाला, आई, तू आत जा ना, इथे वास सहन होत नाही.

“दोन महिने पेलो आपण हे,” बाई म्हणाल्या. “आता वासाचं काय घेऊन बसला गा? ओढ.”